मोटर कोरडी चालली की जळते: कार्यकर्त्यांनी मधूनमधून थांबायचं का आणि कसं

आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात, चोपड्याच्या बाजूला, एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी दुपारपर्यंत पुरत नाही. सकाळी लाईट आली की मोटर चालू करायची, केळीला पाणी सोडायचं, आणि अकरा-साडेअकराच्या सुमाराला पाईपमधून पाण्यासोबत हवा यायला लागते, फुर्र फुर्र आवाज होतो, धार तुटते. ज्याला कळतं तो तेव्हाच हातातलं काम टाकून पळतो आणि स्टार्टरचं लाल बटण दाबतो, कारण पाण्यातली मोटर पाण्यानेच थंड राहते, कोरडी चालली की आतलं वाइंडिंग जळतं आणि मग ऐन उन्हाळ्यात मोटर वर काढा, तालुक्याला न्या, पाच-सहा दिवस पिकाला पाणी नाही. आमचे आबा म्हणायचे, विहिरीला दम खाऊ द्या रे. रात्रभर झरे चालतात आणि सकाळी परत दोन परस, म्हणजे दोन माणसं उंच पाणी दिसतं.

हे विहिरीचं एवढं सांगतेय कारण गेली बारा वर्षं मी वनहक्काचे दावे आणि बायकांवरच्या हिंसाचाराच्या केसेस यात काम करतेय, आणि माझी स्वतःची धार कधी तुटली ते मला कळलंच नाही. एके दिवशी तहसीलच्या बाहेर निंबाखाली बसून एका बाईचा जबाब लिहून घेत होते, ती सांगत होती, मी लिहीत होते, पान भरलं, वाचून दाखवलं, तर ती हळूच म्हणाली, "ताई, हाई मन्हं नाव नही शे." मी वर आदल्या आठवड्यातल्या दुसऱ्याच बाईचं नाव लिहिलेलं होतं. आणि ते कळल्यावर मला लाजही वाटली नाही, हे जास्त भयंकर होतं. डोक्यात फक्त एवढंच चाललेलं की पाचची एसटी चुकेल का.

या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. शब्द आता सगळ्यांच्या तोंडात आहे पण त्याचा अर्थ "खूप दमलो" एवढाच घेतला जातो, म्हणून जरा नीट बघू. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द कामाच्या संदर्भात वापरला, आणि तो कुठे वापरला हे लक्षात घ्या, मोफत दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून राबणाऱ्या लोकांकडे बघून. म्हणजे ही गोष्ट पहिल्यांदा दिसली ती आपल्यासारख्यांतच. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याचे तीन भाग सांगितले. पहिला, आतून रिकामं होणं, रात्रभर झोपूनही थकवा न जाणं. दुसरा, माणसांपासून तुटणं, समोरचा माणूस "केस नंबर अमुक" वाटायला लागणं, चिडचिड, कडवटपणा. तिसरा, आपल्या हातून काही होत नाही, कशाचाच उपयोग नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा २०१९ मध्ये याची नोंद घेतली, पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणचा ताण वर्षानुवर्षं नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते, अशी. म्हणजे दोष माणसाच्या स्वभावात शोधायचा नसून कामाच्या रचनेत शोधायचा आहे. यावर मी पुढे परत येणार आहे.

आता प्रश्न असा की दमतात तर सगळेच, बँकेतला माणूसही दमतो, मग सामाजिक न्यायाच्या कामात वेगळं काय? मला तीन गोष्टी दिसतात. एक म्हणजे इथे दुःख दुसऱ्याचं असतं पण ते ऐकताना शरीर मात्र आपलं वापरलं जातं. दुसरं, निकाल फार हळू येतो. जंगलातली कसती जमीन आदिवासींच्या नावावर करून देणारा वनहक्क कायदा २००६ चा, आणि आजही आमच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर लोक ग्रामसभेचे ठराव, जुन्या दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब घेऊन उपविभागीय समितीच्या फेऱ्या मारतायत. वीस वर्षांच्या कामात चांगली बातमी किती वेळा येते हो? आणि तिसरं, जे मला सगळ्यात जड वाटतं, आपल्यातले बरेच जण ज्या लोकांसाठी लढतात त्यांच्यातलेच असतात. ज्या पोराने लहानपणी वडिलांसोबत उसतोडीला जाऊन फडावर कोयता धरलाय तो आज उसतोड मजुरांच्या उचलीचे, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचे, हिशोब मांडतो, तेव्हा त्याच्यासाठी ती फाईल कधीच नुसती फाईल नसते.

शरीरात काय होतं तेही साध्या शब्दांत सांगते. धोका दिसला की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सोडतं, हृदय जोरात धडधडतं, स्नायू ताठतात, पोटाचं काम मागे पडतं. साप दिसला तर हे फार कामाचं. साप निघून जातो, शरीर पुन्हा शांत होतं. पण आपला साप जातच नाही. सकाळी गावातून फोन, दुपारी साहेबांची बोलणी, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचा तरी मार खाल्लेला फोटो. शरीराला वाटतं साप अजून पायाशीच आहे, आणि ते रात्रंदिवस सावधच राहतं, मग झोप उडते, पित्त वाढतं, बीपी सुरू होतं, घरी लेकराने पाणी सांडलं तरी आवाज चढतो.

यावर उपाय म्हणून जी गोष्ट सांगायची आहे तिला इंग्रजी शिकलेले लोक रिट्रीट म्हणतात. काही दिवस कामापासून, फोनपासून, बोलण्यापासून बाजूला जायचं, ठरलेल्या दिनक्रमात राहायचं, आणि आपल्या आत काय चाललंय ते बघायचं. नाव ऐकून महागड्या रिसॉर्टची आठवण येते आणि आपल्या मनात लगेच अपराधीपणा येतो, की तिकडे लोकांचं घर पाडलं जातंय आणि मी इथे डोळे मिटून बसू? मलाही आला होता. पण ही गोष्ट बाहेरून आलेली नाहीच मुळी. आपल्याच मातीत ती फार जुनी आहे.

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. आपण शाळेच्या सहलीला जातो, चित्रं बघतो, फोटो काढतो आणि परत. पण ती लेणी वाघूर नदीच्या त्या वळणावर कशासाठी कोरली, तर पावसाळ्यात भिक्खूंना राहायला. वर्षाचे बाकीचे महिने भिक्खू गावोगाव फिरायचे, लोकांत मिसळायचे, आणि आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने एका जागी थांबायचे. पावसात फिरलं की शेतातलं कोवळं पीक तुडवलं जातं, किडा-मुंगी मरते, म्हणून थांबायचं. याला वर्षावास म्हणतात. पुढच्या वेळी गेलात तर बारा नंबरच्या लेण्यात आत जा, तिथे चित्रं फारशी नाहीत म्हणून लोक पटकन बाहेर पडतात, पण तिथल्या छोट्या छोट्या खोल्या बघा. प्रत्येक खोलीत दगडाचेच दोन ओटे, झोपायला. दोन. म्हणजे एकांत होता पण एकटेपण नव्हतं, शेजारच्या ओट्यावर कुणाचा तरी श्वास ऐकू यायचा. मी तिथे पहिल्यांदा नीट बसले तेव्हा ही गोष्ट मनात इतकी रुतली की पुढे आम्ही आमची शिबिरं ठरवताना कुणालाच एकटी खोली द्यायची नाही असं ठरवलं.

वर्षावासाचा शेवट कसा व्हायचा तेही फार शिकण्यासारखं आहे. शेवटच्या दिवशी पवारणा नावाचा विधी असायचा, आजही होतो. प्रत्येक भिक्खू संघासमोर हात जोडून म्हणतो की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, किंवा तुम्हाला तशी शंका आली असेल, तर मला सांगा. तीन महिने मन शांत केल्यावर हे ऐकून घ्यायची ताकद येते. आपल्या संघटना कशाने फुटतात? पैशाने कमी, न बोललेल्या गोष्टींनी जास्त.

दुसरी गोष्ट मुक्ताबाईची. मुक्ताईनगर, मेहूण, तापीकाठ, म्हणजे आपलं घरच. ताटीच्या अभंगांची कथा सगळ्यांना माहीत आहे. लोकांच्या बोलण्याने ज्ञानेश्वरांचं मन दुखावलं, ते झोपडीत गेले आणि ताटी म्हणजे झोपडीचं दार लावून बसले. आणि ती लहान बहीण बाहेर उभी राहून म्हणते, ताटी उघडा ज्ञानेश्वरा. मी ही कथा लहानपणापासून कीर्तनात ऐकली पण तिचा अर्थ मला कामात होरपळल्यावर कळला. ताटी लावून घेणं दोन प्रकारचं असतं. एक रागाने, दुःखाने, "आता मला कुणाचंच काही करायचं नाही" म्हणून लावलेली ताटी. आणि दुसरी, दम खायला लावलेली, जी आतूनच उघडायची आहे हे लावतानाच ठरलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आपल्याला दुसरी शिकायची आहे, आणि पहिली लागलीच तर दाराशी उभी राहणारी एक मुक्ताई प्रत्येकाला पाहिजे. तुमची कोण आहे, याचा आजच विचार करा, मी खरंच सांगतेय.

तिसरं उदाहरण तर आजोबांच्या काळातलं. १९३२ साली धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी बसून ती लिहून घेतली. जेल म्हणजे काही कुणी हौसेने घेतलेला एकांत नाही, मी त्याला गोड रंग देणार नाही. पण दिवसभर राबून, सरकारशी लढून आलेले लोक दर रविवारी एकत्र बसून आपण हे कशासाठी करतोय याचा विचार करत होते. लढाई आणि आत बघणं ही दोन वेगळी खाती नव्हती त्यांच्यासाठी. गांधीजी दर सोमवारी मौन पाळायचे, काही सांगायचं असलं तर चिठ्ठीवर लिहायचे, आणि ते काही कमी कामाचे माणूस नव्हते. शहाद्याच्या आदिवासी चळवळीत अंबरसिंग महाराज आधी भजनी मंडळं घेऊन गावोगाव फिरले, १९७२ च्या श्रमिक संघटनेच्या आधी. रात्रभर भजनात एकत्र बसलेली माणसंच पुढे जमिनीसाठी एकत्र उभी राहिली.

आणि साने गुरुजींचं नाव घेतलंच आहे तर एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. अंमळनेरच्या पोरांवर जीव लावणारा, १९४७ ला दलितांना पंढरपूरचं मंदिर खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसणारा हा माणूस, ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्यामागे एकच कारण होतं असं बोट ठेवणं चूक आहे आणि मी ठेवणार नाही. पण जो दुसऱ्यांसाठी इतका हळवा असतो त्याच्या मनाची विचारपूस कोण करतं, हा प्रश्न खान्देशातल्या प्रत्येक संघटनेने दर ११ जूनला हार घालताना स्वतःला विचारावा असं मला फार वाटतं.

बरं, आता गप्प बसल्याने नेमकं होतं काय? लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की ध्यान म्हणजे मन रिकामं करायचं, विचार बंद करायचे. तसं कुणालाच जमत नाही आणि मग लोक म्हणतात मला ध्यान जमत नाही. खरं काम शेळ्या राखण्यासारखं आहे. शेळी बांध ओलांडून दुसऱ्याच्या हरभऱ्यात जाणारच. राखणाऱ्याचं काम एवढंच की ती गेली हे लवकर कळावं आणि न मारता, न ओरडता तिला परत आणावी. श्वासाकडे लक्ष द्यायचं, मन तहसीलला जातं, कळलं की परत श्वासाकडे. दिवसातून पाचशे वेळा. हेच "कळणं" वाढतं, आणि ते पुढे कामात वापरता येतं, कारण समोरचा अधिकारी अपमान करतो तेव्हा राग आला हे तोंड उघडायच्या आधी कळलं तर त्या एका क्षणात तुम्हाला निवड मिळते. आवाज चढवायचाच असेल तर ठरवून चढवता.

श्वासाचंही कारण आहे, त्यात चमत्कार नाही. आत्ता मनगटावर नाडी धरून बघा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. शरीराला शांत करणारी जी नस मेंदूपासून छाती-पोटापर्यंत येते, व्हेगस, तिचा ब्रेक श्वास सोडताना लागतो. म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांबवलं की शरीराला निरोप जातो, साप गेला बाबा.

आणि एक संशोधन आहे जे मला प्रत्येक कार्यकर्त्याला सांगावंसं वाटतं. जर्मनीत तानिया सिंगर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना दुसऱ्यांचं दुःख दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. जेव्हा माणूस समोरच्याचं दुःख जसंच्या तसं आपल्यात ओढून घेतो तेव्हा मेंदूतले वेदनेशी जोडलेलेच भाग जागे होतात, आणि हे फार वेळ चाललं की माणूस खचतो, पळ काढावासा वाटतो. पण त्याच लोकांना करुणेचा, म्हणजे याचं भलं होवो असं मनापासून चिंतण्याचा सराव दिला तर वेगळेच भाग कामाला लागतात, जे माया आणि आपलेपणाशी जोडलेले आहेत, आणि माणसाला बरं वाटतं, मदत करायची ताकद येते. म्हणजे आपण "फार मन लावतो" म्हणून थकतो हे खरं नाही. दुःखासोबत बुडतो म्हणून थकतो. विहिरीत पडलेल्याला काढायला आपणही उडी मारायची की काठावर पाय रोवून दोर धरायचा, एवढा तो फरक आहे. आणि हा फरक सरावाने शिकता येतो, ही मला मिळालेली सगळ्यात मोठी आशा आहे.

सराव कुठे करायचा? सगळ्यात माहीत असलेला मार्ग विपश्यना. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालू आहे, सत्यनारायण गोएंका यांनी सुरू केलेलं, आपल्या भुसावळ-मुंबई लाईनवरच येतं. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे ४ ला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, ११ ला जेवण, संध्याकाळी नव्या माणसाला चहा आणि फळं, फोन जमा, नऊ दिवस पूर्ण मौन. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं, त्यामुळे मानधनावर जगणाऱ्या माणसालाही परवडतं. चांगलंच आहे, मी केलंय. पण माझं मत विचाराल तर नुकताच मोठा आघात झालेल्या कार्यकर्त्याने, ज्याने मागच्या महिन्यात जळालेली बाई दवाखान्यात नेलीय, त्याने पहिल्या फटक्यात दहा दिवस जाऊ नये. इतक्या शांततेत दाबलेलं सगळं एकदम वर येतं आणि सांभाळायला ओळखीचं कुणी नसतं. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी हा कोर्स करू नये असं तिथले लोकसुद्धा आधीच सांगतात, फॉर्ममध्ये विचारतात, तिथे खरं लिहा. झोपच येत नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर मौन हा उपाय नाही, आधी डॉक्टर. सरकारचा टेलि-मानस नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर आम्ही आमच्या ऑफिसात भिंतीवर लिहून ठेवलाय, कायदेशीर मदतीच्या नंबरांच्याच खाली.

आम्ही स्वतः सुरुवात तीन रात्रींनी केली. श्रावणात, निंदणी आटपत आलेली, पंचायत समितीतही सुस्ती, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी ओळखीच्यांच्या मळ्यातल्या दोन खोल्या मागून घेतल्या. नऊ जण होतो. फोन सगळे एका पत्र्याच्या पेटीत, पण बाहेर आमच्या एका सहकाऱ्याकडे एक फोन चालू, खरंच जीवावरचं काही असेल तरच तो येऊन सांगेल असं ठरलेलं. या एका फोनमुळे सगळ्यांची अर्धी भीती गेली. स्वयंपाकाला गावातल्या एका आक्कांना पैसे देऊन सांगितलं, कारण तसं केलं नाही तर काय होतं ते मी पाहिलंय, दादा लोक ध्यानाला बसतात आणि ताया लोक चुलीपाशी. तिथे न्याय नसेल तर बाहेरच्या न्यायाच्या गोष्टी कशाला करायच्या.

पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे झोपले. बसायला सांगितलं की डुलक्या. आम्ही कुणाला उठवलं नाही, झोपेचं कर्ज आधी फिटू द्यावं. दुसरा दिवस सगळ्यात वाईट. बोलायचं नाही आणि फोन नाही म्हटल्यावर हात सारखा खिशात जातो, चिडचिड होते, शेजारचा भाकरी चावतो त्याचाही राग येतो. मला तर उठून निघून जावंसं वाटलं. आमच्यातला एक पावरा समाजातला पोरगा, वनखात्याच्या केसेसमध्ये स्वतःच्या काकांना जेलमध्ये जाताना पाहिलेला, कधी हळवा न झालेला, तो दुपारी गोठ्याच्या मागे जाऊन तासभर रडला. कुणी जाऊन काही बोललं नाही. एक जण फक्त पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यापासून दहा हातांवर बसून राहिला. मला वाटतं त्या तीन दिवसांतलं सगळ्यात मोठं काम तेच झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. मी पहिला घास घेतला आणि मला चव लागली. भरताच्या वांग्याचा धूर, कच्च्या तेलाचा वास, कांद्याच्या पातीचा कच् असा आवाज. माझ्या लक्षात आलं की कित्येक महिने मी एका हातात फोन धरून जेवत होते आणि ताटात काय आहे ते मला माहीतच नसायचं. ज्यांना हे फार साधं वाटतंय त्यांना वाटू दे. ज्याला अन्नाची चव लागत नाही त्याला माणसांची तरी कशी लागणार.

शेवटच्या संध्याकाळी मौन सोडलं आणि गोल करून बसलो, पवारणेसारखं. प्रत्येकाने विचारायचं, माझं काय चुकतंय. मला सांगितलं गेलं की मी सगळी कामं स्वतःकडे ओढते आणि मग इतरांना अपराधी वाटायला लावते. ऐकून पोटात खड्डा पडला. पण तीन दिवस गप्प बसल्यावर उलट उत्तर जिभेवर आलंच नाही.

खान्देशातल्या बायका हे वाचत असतील तर त्यांच्या मनात एव्हाना आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आली असेल. सासुरवाशीण माहेरी येते, निंबाला झोका बांधते, गाणी म्हणते, रडते, पोटभर झोपते, आई म्हणते तू राहू दे मी करते. आपल्या आज्या-पणज्यांनी वर्षातले तेवढे दिवस हट्टाने राखून ठेवले कारण त्याशिवाय बाकीचं वर्ष निघायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. कार्यकर्त्यालाही असं एक माहेर लागतं. आणि लहान लेकरू असलेल्या सहकारिणीला शिबिराला यायचं असेल तर लेकरू कोण सांभाळणार हे शिबिर ठरवणाऱ्यांनी ठरवायचं, तिने नाही.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. मी पूर्वी एका संस्थेत होते तिथे चार-चार महिने मानधन नाही, रात्री-अपरात्री मीटिंग, आणि मग एक दिवस "स्ट्रेस मॅनेजमेंट"चं सत्र. दोन तास डोळे मिटून बसवलं आणि दुसऱ्या दिवशी तापात सुट्टी मागितली तर नाही म्हणाले. असल्या ठिकाणी ध्यान म्हणजे फुटक्या पाईपला फडकं बांधणं. बर्नआउटचं मूळ कामाच्या रचनेत असतं असं सुरुवातीला म्हटलं ते याच्यासाठी. वेळेवर मानधन, आठवड्याची एक पक्की सुट्टी, हिंसाचाराच्या केसेस एकाच माणसावर न टाकणं, कठीण केस झाल्यावर त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायची सोय, हे संस्थेने द्यायचं असतं. तुम्ही संस्था चालवत असाल तर शिबिराचे तीन दिवस पगारी धरा, सुट्टीतून कापू नका. मौनात बसलेला कार्यकर्ता तेव्हा कामावरच असतो.

परत येण्याचंही एक तंत्र आहे आणि ते कुणी शिकवत नाही. शिबिराहून आलं की फोन चालू करताच साडेचारशे मेसेज धडाधड पडतात आणि दोन तासांत सगळं पूर्ववत. म्हणून पहिला अर्धा दिवस फोन बंदच ठेवायचा, घरच्यांसोबत जेवायचं, मग फक्त फोन कॉल, आणि ग्रुप दुसऱ्या दिवशी. कुठलाही मोठा निर्णय, म्हणजे काम सोडतो, आश्रमात जातो, त्या आठवड्यात घ्यायचा नाही. मी पहिलं काम केलं ते निंबाखालच्या त्या बाईच्या गावी जायचं. तिला म्हटलं, मावशी, मागच्या वेळी मी नीट ऐकलं नव्हतं, परत सांगशील का? ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बठ माय, पहिले पानी पे." मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि यावेळी त्यात अशा दोन गोष्टी निघाल्या, तारीख आणि साक्षीदार, ज्या आधीच्या जबाबात नव्हत्याच.

एवढं मोठं काही लगेच जमणार नसेल तर आम्ही सध्या रोज काय करतो ते सांगते. ऑफिस उघडलं की दहा मिनिटं सगळे गप्प बसतो, चहाच्या आधी. कुणी डोळे मिटतं, कुणी खिडकीतून बघतं, चालतं. कठीण जबाब घेतला की उठून तोंडावर पाणी मारायचं, पायातली चप्पल काढून अंगणात पाच मिनिटं चालायचं, श्वास लांब सोडायचा, मगच पुढची बाई आत बोलवायची. पुढच्या बाईला बाहेर थांबायला लावतो म्हणून सुरुवातीला आम्हाला वाईट वाटायचं. आता आम्ही तिला सांगतो की ताई पाच मिनिटं, आत्ताच एकीचं ऐकलंय, तुमचं नीट ऐकायचंय. अजून एकीनेही नाही म्हटलेलं नाही. आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला कामाचे ग्रुप म्यूट, रविवारी सकाळपर्यंत, जीवावरच्या कामासाठीचा तो एक फोन मात्र आळीपाळीने कुणाकडे तरी चालू. या आठवड्यात तो माझ्याकडे आहे.